शूरांची गोष्ट, पण खालून पाहिलेली : कुरोसावांचा ‘द हिडन फोर्ट्रेस’ कसा पाहावा

पडदा उजळतो तेव्हा समोर दिसतात दोन पाठमोरी माणसे. फाटक्या कपड्यांत, उजाड माळावरून, एकमेकांवर खेकसत ती पाय ओढत चालली आहेत आणि कॅमेरा त्यांच्या मागोमाग जातो आहे. भांडणाचा विषय असा, की प्रेते पुरण्याच्या कामामुळे अंगाला लागलेली दुर्गंधी नेमकी कोणाची. एवढ्यात चौकटीच्या कडेतून एक जखमी योद्धा धडपडत आत येतो, त्याच्या पाठोपाठ घोडेस्वारांची टोळी घुसते, त्याला भाल्यांनी भोसकते आणि आली तशी निघून जाते. त्या दोघांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. युद्ध त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखे निघून जाते, ती दोघे थरथरतात आणि थोड्या वेळाने पुन्हा भांडू लागतात.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा (1910–1998) यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटाची ही सुरुवात आहे. 28 डिसेंबर 1958 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला हा 139 मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट साहसपट म्हणून ओळखला जातो आणि तो तसा आहेही : त्यात पराभूत राजघराण्यातील राजकन्या आहे, तिचा निष्ठावान सेनापती आहे, लपवलेले सोने आहे, शत्रूच्या मुलखातून केलेला प्रवास आहे, घोड्यांची दौड आहे आणि भाल्यांचे द्वंद्व आहे. मात्र ही सगळी सामग्री कुरोसावांनी त्या दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या शेजारी उभे राहून दाखवली आहे. चित्रपटाचा आस्वाद घेण्याची किल्ली माझ्या मते याच एका निर्णयात आहे. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे, एवढे लक्षात ठेवून पाहिले, तर यातील विनोद, दृश्यरचना आणि शेवटचा नैतिक प्रश्न हे सगळे एकाच सुतात ओवलेले दिसू लागते. (पुढे कथेचा शेवटही येणार आहे, त्यामुळे ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते त्यांनी चित्रपट पाहून मग येथे परतावे.)

मूळ जपानी नावातच या दृष्टीची चुणूक आहे. त्याचा अर्थ साधारणपणे ‘लपलेल्या गढीतले तीन बदमाश’ असा होतो. इंग्रजी नावात गढी राहिली आणि बदमाश गळाले. हे तीन कोण, हे चित्रपट सांगत नाही. दोन शेतकरी आणि त्यांना कामाला जुंपणारा सेनापती, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो मान्य केला तर सेनापतीलाही दिग्दर्शकाने शेतकऱ्यांच्याच रांगेत उभे केले, असे म्हणावे लागते.

कथेचा काळ जपानच्या इतिहासातील सेंगोकू, म्हणजे ‘लढत्या राज्यांचा’ काळ आहे. 1467 मध्ये राजधानी क्योतोत सुरू झालेल्या युद्धापासून पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे केंद्रीय सत्ता जवळजवळ नावापुरतीच उरली होती आणि प्रांतोप्रांतीचे सरदार आपापसांत लढत होते. चित्रपटातील आकिझुकी, यामाना आणि हायाकावा या तीन घराण्यांचे युद्ध कल्पित आहे. त्यातील नावे इतिहासात आढळतात म्हणून प्रसंगांचे मूळ शोधत बसण्याची गरज नाही. पण ताहेई आणि माताशिची या शेतकऱ्यांचे जे होते ते त्या काळाशी पुरेपूर जुळते. नशीब काढण्यासाठी घरदार विकून त्यांनी शस्त्रे घेतली आणि ते युद्धावर निघाले, पण पोहोचायला उशीर झाला. हरलेल्या बाजूचे समजून त्यांना पकडण्यात आले, शस्त्रे काढून घेण्यात आली आणि प्रेते पुरण्याच्या कामाला लावण्यात आले. सामुराई ही जन्माने ठरणारी बंदिस्त जात असते, अशी समजूत असलेल्या प्रेक्षकाला शेतकरी युद्धावर जातो हेच विचित्र वाटेल. ती बंदिस्ती नंतरची आहे. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने 1588 मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला आणि त्यानंतर नांगर धरणारा आणि तलवार बाळगणारा यांच्यात कायद्याची भिंत उभी राहिली. त्यापूर्वी भाला घेऊन पायदळात शिरणे आणि लुटीचा वाटा मिळवणे हा गरिबाला वर जाण्याचा एक खरा मार्ग होता. हिदेयोशी स्वतःच सामान्य घरातून आलेला होता. त्यामुळे या दोघांचा लोभ निव्वळ हास्यासाठी रचलेला नाही. त्या काळातील एका फसलेल्या हिशेबाची ती उरलेली बाजू आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. आकिझुकी घराणे युद्धात नष्ट झाले आहे. त्यातून वाचलेली सोळा वर्षांची राजकन्या युकी डोंगरातील एका गुप्त गढीत लपली असून सेनापती रोकुरोता माकाबे तिचे रक्षण करतो आहे. घराणे पुन्हा उभे करण्यासाठी राखलेले सोने लाकडाच्या पोकळ दांडक्यांत भरून लपवले आहे. राजकन्या आणि सोने ही दोन्ही मित्रराज्य हायाकावात पोहोचवायची आहेत, पण थेट सीमेवर शत्रूचा कडक पहारा आहे. यावर उपाय सुचतो तो सेनापतीला नव्हे, तर त्या दोघा शेतकऱ्यांना : आकिझुकीतून थेट हायाकावात जाण्याऐवजी आधी शत्रूच्या, म्हणजे यामानाच्याच मुलखात शिरायचे आणि तिकडून हायाकावात उतरायचे, कारण शत्रू आपल्याच घरामागच्या वाटेवर पहारा कशाला ठेवील? घरी पळून जाण्यासाठी भेदरलेल्या माणसांनी शोधलेली ही पळवाट सेनापती आपली योजना म्हणून उचलतो. शौर्यकथेचा कणाच मुळी पळपुट्यांनी पुरवलेला आहे, ही गोष्ट पहिल्यांदा पाहताना सहज निसटते.

पटकथा चौघांनी मिळून लिहिली : र्यूझो किकुशिमा, हिदेओ ओगुनी, शिनोबू हाशिमोतो आणि स्वतः कुरोसावा. त्यांच्या कामाची पद्धत खेळासारखी होती. कुरोसावा एखादा असा पेच मांडत, की त्यातून पात्रांची सुटका अशक्य वाटावी, आणि बाकीचे तिघे त्यातून वाट काढत; मग पुढचा पेच. चित्रपट पाहताना ही पद्धत जाणवते. प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांनी एक फास आवळतो आणि तो सोडवण्याची युक्ती आधीच्या युक्तीहून वेगळ्या जातीची असते. कधी बळ, कधी थाप, कधी निव्वळ निर्लज्जपणा.

या युक्त्यांपैकी नाक्यावरचा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण जपानी प्रेक्षकाला त्यात जे दिसते ते बाहेरच्या प्रेक्षकाला दिसत नाही. जपानमध्ये एक अत्यंत लोकप्रिय कथा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस मिनामोतो योशित्सुने हा वीर आपल्याच थोरल्या भावाच्या कोपामुळे पळत असतो. त्याचे साथीदार तीर्थाटन करणाऱ्या संन्याशांच्या वेशात आहेत आणि तो स्वतः हमाल झाला आहे. आताका येथील नाक्यावर अडवले गेल्यावर त्याचा बलदंड सेवक बेनकेई आपण मंदिरासाठी वर्गणी गोळा करत असल्याचे सांगतो आणि कोऱ्या कागदाची गुंडाळी उघडून वर्गणीचे आवाहनपत्र वाचल्याचे नाटक करतो. पहारेकऱ्यांना हमालाचा संशय येतो तेव्हा तो चक्क आपल्या धन्यालाच काठीने बडवतो; धन्यावर कोणी सेवक हात उचलणार नाही, म्हणून संशय फिटावा. नाक्याचा अधिकारी सगळे ओळखतो, पण त्या निष्ठेने हेलावून त्यांना जाऊ देतो. जुन्या नोह रंगभूमीवर ‘आताका’ या नावाने आणि काबुकी या नाट्यप्रकारात ‘कानजिंचो’ या नावाने (हे नाटक पहिल्यांदा 1840 मध्ये रंगमंचावर आले) जपानी माणसाने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे.

कुरोसावांनी 1945 मध्ये याच कथेवर एक छोटा चित्रपट केला होता. त्यात त्यांनी मूळ नाटकात नसलेले एक पात्र घातले : केनइची एनोमोतो या विनोदी नटाने साकारलेला बडबड्या हमाल. सामंती निष्ठेचा गौरव नको, या युद्धात हरलेल्या जपानवर आलेल्या अमेरिकी ताबा-प्रशासनाच्या धोरणामुळे तो चित्रपट अडकून पडला आणि 1952 मध्ये प्रदर्शित झाला. ‘द हिडन फोर्ट्रेस’ हा त्याच कथेचा विस्तारलेला अवतार आहे. वेश बदललेला धनी येथे राजकन्या झाला, बेनकेई रोकुरोता झाला, आणि कडेला वळवळणारा तो एकटा हमाल तेरा वर्षांत दोन शेतकरी होऊन कथेच्या मध्यभागी येऊन बसला. नाक्यावर रोकुरोता बेनकेईच्या नेमके उलट करतो. बेनकेई कोऱ्या कागदावर नसलेला मजकूर वाचतो, तर रोकुरोता खरे सोने भरलेले लाकूड स्वतःहून पहारेकऱ्यांपुढे धरतो, हे आम्हाला वाटेत सापडले असे सांगतो आणि मग बक्षिसासाठी अशी भुणभुण लावतो की ते कटकट टाळण्यासाठी त्याला नाक्यापलीकडे हाकलून देतात. बेनकेईच्या नाटकात भव्यता आहे. रोकुरोताचे नाटक एका चिकट, लोभी गावकऱ्याचे आहे. तो हे कोठे शिकला असेल, हे सांगायची गरज नाही. त्याचे दोन गुरू त्याच्या मागेच भारा उचलून उभे आहेत.

वेशांतराचा दुसरा भाग भाषेचा आहे आणि सबटायटल्समधून नेमका तोच हरवतो. जपानीत बोलणाऱ्याचा दर्जा क्रियापदाच्या रूपापासून सर्वनामापर्यंत प्रत्येक शब्दात उमटतो. राजकन्या कितीही मळकट कपडे घालो, तिने तोंड उघडले की ती कोण ते कळणार, म्हणून तिला मुकी व्हायला सांगितले जाते. आपल्याकडेही ‘पाणी आण’ आणि ‘पाणी आणावे’ यांतील अंतरावरून माणसाचे घर ओळखता येते, तेव्हा मराठी प्रेक्षकाला ही अडचण समजावून द्यावी लागू नये. पण युकीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून ती मुलासारखी वाढली आहे. तिचे बोलणे हुकुमी आणि तुटक आहे. मिसा उएहारा या अगदी नवख्या मुलीकडून कुरोसावांनी हे काम करून घेतले. तिच्या भुवया कपाळाकडे ताणून रंगवल्या आहेत, उभे राहण्यात ताठा आहे आणि आवाज सतत चढलेला आहे. सुरुवातीला हा अभिनय कृत्रिम वाटतो. मलाही वाटला होता. पण नंतर तिला मुकी केल्यावर तोच ताठा नुसत्या डोळ्यांत आणि पाठीच्या कण्यात उरतो, तेव्हा आधीचे ओरडणे कशासाठी होते ते उमगते.

आता दृश्यरचनेकडे. रुंद पडद्यासाठी केलेला कुरोसावांचा हा पहिला चित्रपट. त्याआधीच्या त्यांच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी होती. येथे रुंदी उंचीच्या सुमारे 2.35 पट झाली. तोहो या निर्मितीसंस्थेची ‘तोहोस्कोप’ ही पद्धत त्यासाठी वापरली गेली. तीत विशिष्ट भिंग चित्रीकरणाच्या वेळी रुंद दृश्य आडवे आवळून नेहमीच्या फिल्मवर बसवते आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरे भिंग ते पुन्हा पसरवते. अशी लांबट चौकट हाती आली की बहुतेक दिग्दर्शकांना प्रश्न पडतो, की कडांना करायचे काय? दोन माणसे बोलत असली तर उरलेली जागा ओस पडते. कुरोसावा आणि छायालेखक काझुओ यामासाकी यांनी ती ओस जागाच कामाला लावली. दोन शेतकरी बहुधा चौकटीच्या दोन टोकांना असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत कोणीतरी येते : सोने, घोडा, शत्रू किंवा रोकुरोता. तो पहिल्यांदा येतो तेव्हा कोणतीही ओळख, कोणताही गाजावाजा होत नाही. दांडक्यात सोने सापडल्यामुळे वेडावलेल्या त्या दोघांच्या जगात तो एक आगंतुक म्हणून येतो, आणि ते त्याला डोंगरातला लुटारू समजतात. तोशिरो मिफुनेसारख्या अव्वल नटाचा असा प्रवेश करण्याची हिंमत त्या काळी फार थोड्यांनी दाखवली असती.

गढीच्या परिसराचे काही चित्रीकरण ह्योगो प्रांतातील होराई घळीत झाले. तेथे झिजलेल्या ग्रॅनाइटचे उभे, सुटे कडे आहेत. सोन्याच्या आशेने शेतकरी त्या उतारावर चढू पाहतात आणि पायाखालची खडी घसरून पुन्हा खाली येतात, पुन्हा चढतात, पुन्हा घसरतात. संवाद जवळजवळ नाहीच. लांबून पाहिले तर दोन मुंग्या वाळूच्या ढिगावर धडपडत आहेत असे दिसते. त्यांची सगळी हकिकत त्या एका हालचालीत आहे. हवामानाने मात्र चित्रपटाचा फार छळ केला. फूजी पर्वताच्या परिसरातील चित्रीकरण वादळांमुळे लांबत गेले, खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढला आणि तोहोच्या अधिकाऱ्यांचा धीर सुटला. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, कुरोसावांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढावी आणि आर्थिक जोखमीत वाटा उचलावा, ही व्यवस्था झाली त्यामागे हा अनुभव होता. चित्रपट तिकीटखिडकीवर उत्तम चालला, ही गोष्ट वेगळी.

ज्या दोन प्रसंगांसाठी हा चित्रपट साहसपट म्हणून लक्षात राहतो ते एकमेकांना लागूनच येतात. शत्रूचे स्वार राजकन्येच्या टोळीला हुडकतात. ते खबर घेऊन पोहोचले तर सगळे संपले, म्हणून रोकुरोता घोड्यावर झेप घेतो आणि त्यांचा पाठलाग करतो. मिफुने येथे बदली माणसाशिवाय स्वतः घोडा फेकतो. लगाम सोडून, दोन्ही हातांनी तलवार खांद्याशी उभी धरून, मांड्यांच्या पकडीवर तो भरधाव जातो आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या कॅमेऱ्यापुढून झाडे पुसट रेघांसारखी सरकतात. आणि मग तो थेट शत्रूच्या छावणीत घुसतो. वेग एका क्षणात थांबतो. समोर शेकडो सैनिक आणि त्यांचा सेनापती ह्योए तादोकोरो, रोकुरोताचा जुना प्रतिस्पर्धी. तो म्हणतो, द्वंद्व होऊ दे.

हे भाल्यांचे द्वंद्व ज्यांनी आजचे झटपट संकलन असलेले मारामारीचे प्रसंग पाहिले आहेत त्यांना सुरुवातीला संथ वाटेल. दोघे वर्तुळात फिरतात, थांबतात, एकमेकांच्या पावलांकडे पाहतात, छावणीच्या कनातींमागे जातात, त्या फाडून बाहेर येतात. भोवतीचे सैनिक त्यांच्या हालचालींबरोबर पुढे-मागे सरकतात आणि त्यांच्या सरकण्यावरूनच आपल्याला पुढचा घाव कळतो. प्रत्यक्ष प्रहार थोडे, वाट पाहणे फार. लांब पल्ल्याच्या भिंगामुळे दोघांमधील अंतर दबून गेल्यासारखे दिसते, त्यामुळे भाल्याचे टोक खरोखर किती जवळ आहे याचा अंदाज प्रेक्षकाला येत नाही. योद्ध्यालाही येत नसावा. ह्योएची भूमिका सुसुमू फुजिता यांनी केली आहे, आणि कुरोसावांच्या 1943 मधील पहिल्या चित्रपटाचे नायक तेच होते. दिग्दर्शकाचा पहिला नायक आणि नंतरचा नायक समोरासमोर उभे आहेत, हे माहीत असले की त्या वाट पाहण्याला आणखी एक थर चढतो. ह्योए हरतो, मान पुढे करतो, आणि रोकुरोता ती न घेता, पुन्हा भेटू, असे म्हणून निघून जातो. या उदारपणाची किंमत कोणी मोजली, ते चित्रपट नंतर दाखवतो.

दोन शेतकरी या द्वंद्वाच्या वेळी तेथे नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे. शौर्याचा सर्वांत निर्मळ क्षण त्यांच्या नजरेआड घडतो. त्यांना त्याचे काही मोलही वाटले नसते.

चित्रपटाचा सर्वांत अस्वस्थ करणारा विषय युद्धाशी नव्हे, तर एका अदलाबदलीशी जोडलेला आहे. शत्रू राजकन्येचा शोध घेत आहे हे पाहून रोकुरोताने आपल्या धाकट्या बहिणीला, कोफुयूला, राजकन्या म्हणून पुढे केले आणि तिचा शिरच्छेद झाला. जपानी रंगभूमीवर अशा बदली बलिदानाची मोठी परंपरा आहे. अठराव्या शतकातील एका गाजलेल्या बाहुलीनाट्यात धन्याच्या मुलाला वाचवण्यासाठी सेवक आपल्या मुलाचे शिर देतो आणि प्रेक्षक त्या निष्ठेसाठी अश्रू ढाळतात. येथे युकी अश्रू ढाळण्याऐवजी संतापते. कोफुयू सोळा वर्षांची होती, मीही सोळा वर्षांची, मग तिच्या जिवात आणि माझ्या जिवात फरक तो काय, असा तिचा प्रश्न आहे, आणि बहिणीच्या मृत्यूवर एक टिपूसही न गाळणारा रोकुरोताचा चेहरा तिला सहन होत नाही. ती बाहेर धावत जाते आणि कोणी पाहत नाही तेथे रडते. ताबा-प्रशासनाला सामुराईपटांतून सामंती निष्ठा परत येईल अशी भीती होती. त्या निष्ठेवर इतका थेट हल्ला त्यांनी मागवूनही मिळाला नसता.

पुढे यामानाच्या एका मुक्कामी राजकन्येला आपल्याच राज्यातील एक मुलगी विकली जाताना दिसते. मुकी राहण्याचे बंधन झुगारून ती रोकुरोताला एकांतात खडसावते आणि त्या मुलीला सोडवायला लावते. ही मुलगी मग टोळीबरोबर राहते आणि सगळे घेरले जातात तेव्हा मीच राजकन्या असे सांगून स्वतःला पुढे करते. अदलाबदल दुसऱ्यांदा घडते, फक्त या वेळी ती कोणी लादलेली नाही. कथेत या दोन प्रसंगांची सांगड कोणी शब्दांत घालत नाही. ती आपण घालायची.

एका प्रसंगाबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवे. दोन्ही शेतकरी झोपलेल्या राजकन्येवर हात टाकण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखा खेळ करतात आणि ती सोडवलेली मुलगी हातात दगड घेऊन त्यांना रोखते. 1958 मध्ये हे विनोद म्हणून पाहिले गेले असेल. आज ते घशात अडकते. मधल्या भागात त्या दोघांची लोभाची पुनरावृत्तीही जरा अधिक होते. त्यांनी तिसऱ्यांदा पळ काढला तेव्हा पटकथेला थोडी कात्री चालली असती. मिनोरू चिआकी (ताहेई) आणि कामातारी फुजिवारा (माताशिची) यांच्या जुगलबंदीमुळे ते निभावून जाते. एक फुगीर आणि बढाईखोर, दुसरा किरकिरा आणि सुरकुतलेला. बरे वागताना त्यांना पाहिले की आपण पुढच्या विश्वासघाताची वाट पाहू लागतो आणि तो आला की हसतो.

अग्नी-उत्सवाचा प्रसंग चित्रपटाचे केंद्र आहे असे मला वाटते. सोन्याची लाकडे भरलेली गाडी घेऊन टोळी निघाली असताना उत्सवाला निघालेल्या, लाकडे वाहणाऱ्या गावकऱ्यांच्या लोंढ्यात ती सापडते. गर्दीत मिसळल्यामुळे पहाऱ्यातून सुटका होते खरी, पण उत्सवात लाकडे होळीतच टाकायची असतात. जवळ पहारेकरी पाहत आहेत. रोकुरोता गाडी आगीत लोटतो. दोघे शेतकरी सोने जळताना पाहून कळवळतात आणि तरीही त्यांना नाचावे लागते, तेही हसऱ्या चेहऱ्याने. त्याच वेळी राजकन्या आगीभोवतीच्या रिंगणात मनापासून नाचते. ज्यांच्यावर तिचे घराणे राज्य करत आले तसल्या माणसांत ती आयुष्यात प्रथमच त्यांच्यापैकी एक म्हणून उभी आहे. मासारू सातो यांच्या संगीतातील त्या गाण्याचा आशय असा, की माणसाचा जीव काय आणि किड्याचा काय, दोन्ही आगीत झोकून द्या. नीट पाहिले तर हे जग अंधारे आणि स्वप्नासारखे आहे. कोफुयूविषयीचा प्रश्न राजकन्येने विचारला होता, त्याचे उत्तर तिला कोणा गुरूने न देता गावकऱ्यांच्या नाचातून मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी राख उकरून सोने पुन्हा काढते. लोभाला राखेचीही लाज नसते, आणि ज्या मोहिमेला आपण उदात्त म्हणतो तीसुद्धा येथे तितक्याच लोभाने राख उकरते आहे.

टोळी शेवटी पकडली जाते. मृत्युदंडाच्या आदल्या रात्री ह्योए ओळख पटवायला येतो. त्याचा चेहरा जखमांनी विद्रूप झाला आहे : द्वंद्व हरून रोकुरोताला निसटू दिल्याबद्दल त्याच्या धन्याने त्याला सर्वांदेखत बदडले आहे. रोकुरोताच्या उदारपणाचे बिल हे असे आले. ह्योए त्याला दोष देतो, तेव्हा राजकन्या त्यालाच सुनावते, की असा धनी मूर्ख आणि त्याला मानणारा चाकरही मूर्ख. मग ती रोकुरोताला सांगते, की या प्रवासाचा तिला आनंद झाला. माणसांचे चांगुलपण आणि हिडीसपण दोन्ही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि ते वाड्यात बसून कधी दिसले नसते. आणि ती ते होळीचे गाणे म्हणते. सकाळी ह्योए तेच गाणे गुणगुणत येतो, सोने लादलेले घोडे सीमेकडे पिटाळतो, कैद्यांना सोडतो आणि आपल्याच लोकांना उद्देशून म्हणतो तो वाक्प्रचार जपानी चित्रपटरसिकांत आजही प्रसिद्ध आहे : ‘विश्वासघाताबद्दल क्षमा असावी.’ निष्ठेवर उभ्या असलेल्या चित्रप्रकारात सर्वांत आनंदाचा क्षण फितुरीचा असावा, यात कुरोसावांचा खट्याळपणा आहे.

1959 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटासाठी कुरोसावांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले आणि समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही अनेक वर्षे समीक्षक त्याला कुरोसावांच्या ‘गंभीर’ चित्रपटांपुढे हलकाफुलका समजत राहिले. त्याचे नाव जगभर पुन्हा निघाले ते अमेरिकेच्या वाटेने. अवकाशातील एक राजकन्या, तिचे साम्राज्याशी युद्ध आणि ती सगळी कथा दोन कुरकुरणाऱ्या यंत्रमानवांच्या मागोमाग उलगडणे, या 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधील रचनेचे ऋण जॉर्ज लुकास यांनी उघडपणे मान्य केले आहे. कथेतील सर्वांत क्षुद्र दोन पात्रांच्या नजरेतून गोष्ट सांगणे हीच कल्पना आपण तेथून घेतली, असे ते सांगतात. एक दृश्य पडदा सरकवल्यासारखे पुसत दुसरे आणण्याची कुरोसावांची लाडकी संकलनरीतही तेथे दिसते. पुढे 1980 मध्ये कुरोसावांच्या ‘कागेमुशा’ला अमेरिकी निर्मितीसंस्थेकडून पैसा मिळवून देण्यात लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी पुढाकार घेतला. ऋण असे फिटले. मात्र त्या दोन यंत्रमानवांचे कुरकुरणे निरागस आहे. ताहेई आणि माताशिचीला भूक आहे, आणि भूक यंत्राला देता येत नाही.

शेवटी हायाकावाच्या वाड्यात त्या दोघांना कैदी म्हणून उभे केले जाते, कारण मोकाट घोड्यांवरचे सोने त्यांच्या हाती लागले होते. भरजरी वस्त्रांतील राजकन्या आणि चिलखतातील दोन सेनापती यांना ते प्रथम ओळखतच नाहीत. ते सोने घराण्याचे, आमचे नव्हे, असे राजकन्या त्यांना समजावते. ज्यासाठी त्यांनी पाठ मोडली त्या राशीतून त्यांना एक मोहोर मिळते आणि भांडू नका, वाटून घ्या, असे बजावले जाते. वाड्याचा दरवाजा त्यांच्यामागे बंद होतो. ताहेई मोहोर माताशिचीला देतो : तूच ठेव. माताशिची ती परत करतो : नको, तुझ्याकडेच असू दे. मोहोर एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि ते दोघे पायऱ्या उतरू लागतात. मोहोर एकच आहे, ती मोडायची तर बाजार गाठावा लागेल, आणि बाजार अजून लांब आहे.